पलीकडच्या वाटेचा ठराव

आमच्या नगरपालिकेत पैसा कधी साठला नाही, पाणीही कधी साठलं नाही. किस्से मात्र इतके साठले की ठेवायला जागा पुरेना. त्यातले बरेचसे माझ्या सायकलच्या दुकानात येऊन पडलेत. पंक्चर काढायला आलेला माणूस मी ट्यूब पाण्यात बुडवेपर्यंत एक किस्सा ऐकतो आणि सोल्युशन वाळेपर्यंत दुसरा. काही जण तर चाकात चांगली हवा असतानाही येऊन बाकावर बसतात आणि म्हणतात, "भानुदासराव, ते बाजेचं सांगा." बाजेचं मी शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर बाक रिकामा होतो.

गावाचं नाव काही सांगत नाही. भूमहून परंड्याकडं जाताना लागतं, एवढं पुरे. निजामाचं राज्य गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि त्या धामधुमीत मी नगरपालिकेत निवडून आलो. मला मतं का पडली म्हणाल, तर अर्ध्या गावाला सायकल मी शिकवली होती. पडल्यावर ज्यानं उचललं त्याला माणूस विसरत नाही.

अध्यक्ष होते अण्णासाहेब. गावाभोवतीची निम्मी जमीन त्यांची, आवाज भरदार, आणि एकदा बोललेलं मागं घ्यायची सवय नाही. दुष्काळात स्वतःच्या बैलगाड्या लावून त्यांनी गावाला पाणी पाजलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर चिडणंही अवघड जाई.

उपाध्यक्ष कासीमचाचा. चौकात बांगड्यांचं दुकान. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे दोन भाऊ हैदराबादेला निघून गेले, चाचा गेले नाहीत. का नाही गेलात, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "साऱ्या गावाच्या मनगटाचं माप माझ्या डोक्यात हाय. तिथं जाऊन नवं कुठं पाठ करू?"

चाचा नगरपालिकेत आले ते मात्र एकाच कामासाठी.

* * *

ते काम म्हणजे एक वाट. तिला नाव नव्हतं. ओढ्याच्या अंगानं जाऊन पलीकडं निघायची. पलीकडं डाव्या हाताला स्मशान, उजव्या हाताला कबरस्तान. सकाळी सकाळी कुणाला ते शब्द तोंडात घ्यायला नको वाटायचे, म्हणून सगळे "पलीकडची वाट" म्हणायचे.

या वाटेच्या एका बाजूला ओढ्याची दरड, दुसऱ्या बाजूला अण्णासाहेबांच्या शेताचा बांध. बांध ही चीज मोठी विलक्षण असते. दर उन्हाळ्यात तो थोडासा सरकतो. कोण सरकवतं हे कुणालाच माहीत नसतं, आणि तो नेमका मालकाच्या फायद्याच्या बाजूनंच सरकतो. आमच्या वाटेवर बाभळीच्या वळणापाशी बांध इतका पुढं आला होता की एकट्या माणसापुरतीच वाट उरली होती. माझी सायकलही जाई. पण मयत घेऊन जायचं म्हणजे दोन्ही अंगांना खांदेकरी लागतात, आणि तिथं एक अंग बांधावर चढायचं नाहीतर दुसरं दरडीवरून खाली जायचं.

चाची गेल्या तेव्हा मी खांद्याला होतो. चाची म्हणजे कासीमचाचांची बायको, जुलेखाबी. बाळंतिणीला घरी जाऊन बांगड्या भरायच्या, म्हणून गावातल्या प्रत्येक माजघरात त्यांचा वावर. सगळा गाव चालत होता. बाभळीपाशी आलो आणि अडकलो. पुढचे म्हणाले मागं सरा, मागचे म्हणाले सरायला जागा नाही. शेवटी जनाजा कुशीवर कलता करून काढावा लागला. चाचा शेजारीच होते. त्यांनी दोन्ही हात वर करून कापड धरून ठेवलं, पडू नये म्हणून.

परत येताना ते मला एवढंच म्हणाले, "भानू, जितेपणी ती कुणापुढं वाकडी झाली न्हाय रे."

पुढच्या निवडणुकीला चाचा उभे राहिले. पुढचं मात्र मी हसण्यासारखंच सांगतो.

* * *

आमचे सेक्रेटरी वामनराव. त्यांची उभी नोकरी उर्दूत गेलेली. राज्य बदललं, कामकाज मराठीत आलं, वामनरावांनी ते हसतमुखानं स्वीकारलं. अक्षर तर असं की छापल्यासारखं. फक्त हाताची एक सवय गेली नाही. कागद शिवताना ते उर्दू वहीसारखे उजव्या बाजूला शिवायचे.

मराठीतलं पहिलं बजेट त्यांनी असंच शिवून आणलं. म्हणजे शेवटचं पान सगळ्यांत वर! वामनराव उभे राहिले आणि जसं समोर आलं तसं वाचू लागले. आधी आला खर्च. चौकात दिवे. मंजूर. बाजारात नवा हौद. मंजूर. शाळेला कौलं. मंजूर. सभासद इतके खूश की एकमेकांना पान देऊ लागले. असं बजेट निजामाच्या काळात कुणी ऐकलंच नव्हतं.

मग जमेची पानं आली. वामनरावांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि सभागृहात पान चघळण्याचाही आवाज बंद झाला.

अण्णासाहेब म्हणाले, "वामनराव, हे आधी का न्हाय सांगितलं?"

वामनरावांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि कपाळावर हात मारला. पण कासीमचाचा शांतपणे म्हणाले, "पुढच्या साली बी असंच शिवा. जमा आधी ऐकली असती तर ह्यांनी सूर्याखेरीज दुसरा दिवा मंजूर केला नसता."

झालेले ठराव परत घ्यायला अण्णासाहेब तयार नव्हते. दिवे लागले. कसे लागले ते वामनरावांनाच ठाऊक.

* * *

त्या बजेटातही चाचांनी पलीकडची वाट मांडली होती. त्याच्या आदल्या सालीही मांडली होती. मागणी साधी: बांध जुन्या जागी न्यावा आणि वाट खांदेकऱ्यांसह जाईल एवढी करावी.

अण्णासाहेब कधी चिडले नाहीत. त्यांचा मनापासून विश्वास होता की बांध त्यांच्या आजोबांपासून तिथंच आहे. ते आपले खुर्चीत रेलून विचारायचे, "चाचा, त्या वाटंनं गेलेल्या एका तरी माणसाची तक्रार आलीय का?"

सगळे हसायचे. चाचाही हसायचे. मग म्हणायचे, "बरं, पुढच्या साली."

मला त्यांचं ते हसणं बघवायचं नाही. एकदा बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, तुम्ही भांडत का नाही?" ते म्हणाले, "बांगडी भरताना जोर केला तर काय हुतं, बेटा? बांगडी फुटती, नायतर हात सोलतो. हात गरम करत बसायचा. आपसूक जाती."

चाचा हात गरम करत बसले होते. फक्त त्यांचं वय मात्र थांबत नव्हतं, आणि नगरपालिकेचा जिना चढताना ते आता मधल्या पायरीवर बसायला लागले होते.

* * *

मतदान आमच्याकडं हात वर करून व्हायचं. गिरमलप्पा नावाचे आडते आमचे सभासद. पहाटेपासून बाजार करून आलेला माणूस, मीटिंगला बसला की झोपायचा. पण झोपेतही "बाजूनं असतील त्यांनी" एवढे शब्द कानावर पडले की हात वर! डोळे मिटलेलेच.

एकदा कोंडवाडा हलवायचा ठराव होता. अण्णासाहेबांनी विचारलं, बाजूनं कोण? गिरमलप्पांचा हात वर. विरोधात कोण? हात खाली यायचा राहून गेला, तो तसाच वर. वामनरावांनी लेखणी खाली ठेवली. अण्णासाहेबांनी टेबलावर थाप मारून त्यांना उठवलं.

"गिरमलप्पा, दोन्हीकडं मत देता?"

गिरमलप्पांनी डोळे चोळले आणि क्षणभरही न गडबडता म्हणाले, "देतो की. गिऱ्हाईक दोन्हीकडचं हाय."

त्या दिवसापासून अण्णासाहेबांनी सक्त नियम केला. वर झालेला हात मोजला जाईल, तो झोपेतला असो नाहीतर जागेपणीचा, आणि मोजला की मागं घेता येणार नाही. हा नियम ध्यानात ठेवा.

* * *

दुसरा एक नियम चाचांमुळे झाला. गावात एस.टी. सुरू झाली आणि बाजारापासून स्टँडपर्यंत नवी वाट काढायचं ठरलं. कुठून काढायची यावर सकाळपासून भांडण. गिरमलप्पांना ती आडतीवरून हवी, तालमीचे वस्ताद बाबूराव होते त्यांना तालमीवरून. मी माझ्या दुकानाचं नाव काढलं नाही, पण खडूनं टेबलावर जी रेघ मारली ती दुकानावरूनच गेली.

चाचा उठले, दाराशी जाऊन पायताण घातलं आणि म्हणाले, "चला, पायानं बघू."

सगळी कमिटी उन्हात निघाली. बाजाराच्या मागं जाऊन बघतो तर काय, पडक्या भिंतीला खिंडार पाडून, लिंबाखालून, लोकांनी स्टँडपर्यंत मस्त वाट पाडून ठेवलेली. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आमच्या अंगावरून ये-जा करत होत्या. एक बाई थांबून म्हणाली, "आवं मालक, वाटंत उभं ऱ्हाऊ नका. गाडी चुकंल."

अण्णासाहेब बाजूला सरले. म्हणाले, "वामनराव, लिहा. वाट जनतेनं आधीच पास केली हाय. आपण फक्त बाजूला व्हायचं."

तेव्हापासून आमच्या नगरपालिकेत प्रथाच पडली. वाटेचा कुठलाही विषय असो, कमिटी ती वाट चालून बघणार आणि ठराव वाटेवरच उभ्या उभ्या घेणार. जिल्ह्याच्या साहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणे खूप हसले. पण आमच्या एकाही वाटेची तक्रार उस्मानाबादला गेली नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

* * *

मग एका मे महिन्यात प्लॅनिंगचे साहेब आले. गावाचा आणि आजूबाजूच्या भागाचा पुढच्या काळाचा आराखडा करायचा होता. माणूस तरुण, सरळ, हातात छत्री आणि नकाशाची गुंडाळी. नकाशा टेबलावर उलगडला तेव्हा आम्ही सगळे त्यावर वाकलो. इतकं सुंदर गाव आम्ही पाहिलंच नव्हतं. रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडांचे हिरवे ठिपके, मधून निळा ओढा, ओढ्याकाठी फिरायला गोल पायवाट.

प्रथेप्रमाणे आम्ही त्यांना चालवत नेलं. ओढ्याशी आल्यावर साहेबांनी नकाशा बघितला, ओढा बघितला, परत नकाशा बघितला.

"इथं पाणी दाखवलंय," ते म्हणाले.

चाचा म्हणाले, "साहेब, तालुक्यात तेवढंच पाणी हाय. गुंडाळी जपून न्या, सांडंल."

साहेब हसले, आणि त्या दिवसापासून ते आमचे झाले.

पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि चाचांचा चेहरा उतरला. आराखडा उद्या पुढं जायचा होता. त्यात प्रत्येक वाटेबद्दल नगरपालिकेचा ठराव जोडायचा, वाट पुरेशी आहे की नाही. एकदा "पुरेशी" लिहून गेलं की ती तशीच कायम. मग पुढच्या कुठल्याच बजेटात तो विषय काढता येणार नाही.

म्हणजे चाचांना आता "पुढच्या साली" म्हणायची सोय उरली नव्हती.

* * *

आता बाजेचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग. वाटा आदल्या दिवशीच चालून झालेल्या, म्हणून एकेक निघाली आणि बसल्या जागीच मंजूर झाली. शेवटी पलीकडची. अण्णासाहेब म्हणाले, "पुरेशी हाय. लिहा."

चाचा उभे राहिले. "न्हाय पुरेशी."

"आवं चाचा, हा भानुदास रोज सायकल घेऊन जातो तिथनं."

"सायकल जाती. म्या सायकलवर जाणार न्हाय, अण्णासाहेब. म्या चौघांच्या खांद्यावर जाणार. तुम्ही बी."

अण्णासाहेब म्हणाले, "मग चला. चालून बघू. मयत नेल्यागत नेऊन बघू. गेली तर वाट पुरेशी."

बाज आली माझ्या दुकानातून. मी दुपारी तिच्यावरच पडत असे. बाज आली खरी, पण तिच्यावर झोपणार कोण? बाबूराव वस्ताद अख्ख्या परगण्याच्या पैलवानांना भिडलेले, ते दोन पावलं मागं सरले. गिरमलप्पा म्हणाले, "ज्वारीचं पोतं ठेवा." चाचा म्हणाले, "पोत्याला कुणी खांदा देत न्हाय." साहेबांकडं कुणी बघायच्या आतच साहेबांनी छत्री उघडली.

अण्णासाहेबांनी पटका काढून उशाला ठेवला. "भित्रे समदे. वाट आमच्या बांधाची, तर आडवं बी आमीच व्हणार," असं म्हणून ते बाजेवर ऐसपैस झोपले आणि पोटावर हात बांधले. त्यांना खात्री होती की बाज जाणार.

पुढं एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चाचा. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही नका, दुसरा कुणी घेईल." तोवर त्यांनी बाज खांद्यावर घेतलीसुद्धा. मागं गिरमलप्पा आणि बाबूराव. साहेब शेजारून अण्णासाहेबांच्या तोंडावर छत्री धरून चालले होते. मागं वामनराव आणि बाकीचे सभासद.

आता बाजारातून अशी मिरवणूक निघाल्यावर व्हायचं तेच झालं. दुकानदार टोप्या काढून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "कवा गेले रं?"

बाजेवरून आवाज आला, "अजून न्हाय. चाललोय."

म्हातारा मटकन खाली बसला. पुढच्या आळीत एका बाईनं गळा काढला तेव्हा अण्णासाहेबांनी मान उचलून सांगितलं, "रडू नगंस, मीटिंग चालू हाय."

बाभळीच्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं अडकलो. चाचांच्या बाजूला बांध, माझ्या बाजूला दरड. माझ्या पायाखालची माती घरंगळून खाली जायला लागली. मागून बाबूराव म्हणाले, "जरा कुशीवर घ्या, निघंल."

आम्ही बाज कलती केली. अण्णासाहेब माझ्याकडं घसरले. त्यांनी बाजेची कड घट्ट पकडली, आणि त्या भरदार माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच घाबरा आवाज ऐकला. "अरं थांबा, पडतोय म्या! वाकडं करू नका."

चाचा समोर बघत म्हणाले, "दुसरा इलाज न्हाय, अण्णासाहेब. तिला बी असंच केलं हुतं."

आम्ही बाज परत सरळ धरली. अण्णासाहेब नुसते आभाळाकडं बघत पडले होते. साहेबांनी छत्री जरा बाजूला घेतली.

मग अण्णासाहेबांनी शेतात काम करणाऱ्या आपल्या गड्याला हाक मारली. "दगडू, कुदळ आण. हा बांध काढ."

दगडू धावत आला आणि मालकांना बाजेवर बघून जागीच थिजला. "मालक, कुठवर काढू?"

"चाचांचा पाय सरळ पडंस्तवर."

मी म्हणालो, "अण्णासाहेब, तोवर बाज खाली ठेवतो."

"टेकवायची न्हाय," ते म्हणाले. "वाटंत कुणाला टेकवत्यात का? धरा तसंच."

दगडू खणू लागला. दगड निघत होते, माती निघत होती. अण्णासाहेब वजनदार माणूस, माझा खांदा भरून आला, गिरमलप्पा जन्मात पहिल्यांदा मीटिंगमध्ये टक्क जागे होते. बाबूरावांनी चाचांना विचारलं, खांदा बदलू का. चाचांनी नकाराची मान हलवली. त्यांच्या दाढीतून घाम ठिबकत होता.

शेवटी बांध हटला. आम्ही पाऊल टाकलं. चाचांचा पाय सपाट जमिनीवर पडला, माझाही पडला, आणि बाज वळणातून सरळ पुढं निघाली. कुणालाही एवढंसं वाकावं लागलं नाही.

"थांबा," अण्णासाहेब म्हणाले. "वामनराव, लिहा. पलीकडची वाट आता हाय तेवढी, कायमची. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

आम्ही चौघं एकमेकांकडं बघायला लागलो. बाज धरलेली असल्यामुळे आमचा प्रत्येकाचा एक हात मघापासून वरच होता. मागच्या सभासदांचे हात वर गेले. बाजेवरून अण्णासाहेबांचा गेला. वामनराव मोजू लागले.

तेव्हा कासीमचाचांनी बाज खांद्यावर तोलली आणि दुसराही हात वर केला.